मैदान, पोहण्याचा तलाव, बाग की नाट्यगृह? कोल्हापूर महापालिकेनं पहिला रुपया कुठं घालावा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, तेव्हा शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला जमलेल्या गर्दीत मीही उभी होते. छपराचे वासे कोसळत होते आणि मोठमोठी माणसं ओक्साबोक्शी रडत होती. दुसरा दिवस गायक-नट केशवराव भोसल्यांच्या जयंतीचा. माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "बाई, मी शेवटचं नाटक इथं कधी बघितलं ते आठवत नाही, पण घर जळाल्यासारखं वाटतंय." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. शहराचं प्रेम कशावर आहे आणि शहर रोज काय वापरतं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. अंदाजपत्रकाची चर्चा सुरू झाली की हे दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळतात आणि मग भांडण लागतं.

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. मैदान आखण्यात, पोरींना कबड्डीच्या स्पर्धेला नेण्यात आणि तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं. आमच्या भागात नागरिकांची बैठक आहे आणि तिथं सांगायचं आहे की खेळ आणि करमणुकीच्या सोयींसाठी जो काही पैसा निघेल, तो आधी कुठं जावा. नोव्हेंबर २०२० ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांवर प्रशासकांचाच कारभार होता. एवढ्या काळानं नगरसेवकांपुढं बोलायची संधी आली आहे. जे माझ्यासारखेच विचारात आहेत त्यांच्यासाठी मी चारही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहते आहे. मत माझं आहे. ते मी लपवणार नाही.

आधी पैसा कुठून येतो ते

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत: पाणी, गटारं, दिवाबत्ती, कचरा. बागा, क्रीडांगणं आणि पोहण्याचे तलाव कलम ६६ मध्ये येतात, म्हणजे ऐच्छिक कामांत. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या कामांत स्पष्ट लिहिली आहेत, ही गोष्ट खरी. पण पैसा कमी पडला की कात्री आधी ऐच्छिक कामांनाच लागते. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला, जीएसटीच्या भरपाईवर आणि घरफाळ्यावर गाडा चालला आहे. वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो. त्यातून मैदानाला पै मिळत नाही.

दुसरी अडचण हद्दीची. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून हद्द एक इंचही वाढलेली नाही. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार. पण मैदानावर, रंकाळ्यावर आणि तलावावर येणारी माणसं पाचगाव, कळंबा, उचगाव, अशी सगळीकडची. ती आपलीच माणसं आहेत, त्यांना कुणी अडवू नये. फक्त त्यांचा घरफाळा महापालिकेकडे येत नाही, हे हिशेबात धरायला हवं.

केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. साडेपाच लाख माणसांना १० च्या दरानं ५५ लाख चौरस मीटर होतात, म्हणजे साडेपाच चौरस किलोमीटर. पेठांमध्ये फिरून बघा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ. घराला घर चिकटलेलं. नवी जागा आता कुठून आणणार? म्हणून माझा पहिला आग्रह हा की नवं बांधायची भाषा बाजूला ठेवा आणि आहे ते चालतं ठेवायचं बोला.

मैदान

कोल्हापुरात मैदानाविषयी बोलायचं म्हणजे तालमीविषयी बोलायचं. बाहेरच्या माणसाला नवल वाटतं की इथं फुटबॉलच्या संघाचं नाव तालीम असतं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. लाल मातीत घुमणारी पोरं संध्याकाळी चेंडूमागं धावू लागली आणि संघाला तालमीचंच नाव राहिलं. शाहू महाराजांनी रोममधलं कलोसियम पाहिलं आणि त्यावरून खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं. १९१२ साली ते तयार झालं. आजही कुठल्याही पायरीवर बसा, आखाडा दिसतो. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, तेव्हा देशाच्या संघात अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. एवढा जीव ज्या शहराचा मैदानात आहे, तिथं मैदानांची अवस्था काय?

गांधी मैदानाचंच बघू. ती जागा मूळची वरुणतीर्थ तळ्याची. आजही शेजारच्या वेशीला वरुणतीर्थ वेस म्हणतात. तळं बुजवून मैदान केलं, पण खोलगटपणा राहिला. पाऊस पडला की आजूबाजूच्या उंच पेठांतलं पाणी आपल्या जुन्या वाटेनं तिथं उतरतं. पाण्याला ते अजून तळंच वाटतं. वरून कितीही मुरूम टाकला तरी उपयोग नाही. तो पुढच्या आषाढात चिखल होऊन बसतो आणि पुन्हा मुरमाचं बिल निघतं.

एक सकाळ सांगते. जुलै महिना. एका छोट्या मैदानावर, गांधी मैदानावर नव्हे, शाळेचा संघ सरावाला आला होता. रात्रभर पाऊस झालेला. पोरांनी घरून पोती आणली होती. पोतं पाण्यावर पसरायचं, भिजून जड झालं की दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं, पाणी बादलीत, बादली गटारात. तासाभरात गोलपोस्टापुढचा एक तुकडा कोरडा झाला. तोवर शाळेची घंटा झाली. सरावाला एक मिनिट मिळालं नाही. शालेय फुटबॉलचे सुब्रतो चषकाचे सामने ऐन पावसाळ्यात येतात, बाकीच्या शालेय स्पर्धाही ऑगस्टपासून सुरू होतात. म्हणजे ज्या दिवसांत मुलांना मैदान सगळ्यात जास्त हवं, त्याच दिवसांत ते पाण्याखाली. कोल्हापूरचा पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा. वर्षातले तीन-चार महिने मैदान नसल्यात जमा.

यावरचा उपाय अवघड नाही. मैदानाचा मध्य थोडा उंच आणि कडेकडे उतार, साधारण शंभर फुटांना एक फूट. खाली भोकं पाडलेल्या नळ्या, त्यांच्याभोवती खडी, वर मुरूम, मग वाळू मिसळलेली माती आणि रोलर. कडेनं जाळीचं गटार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पाणी पुढं कुठल्या नाल्याला सोडणार हे आधी ठरवणं. गांधी मैदानासारख्या खोलगट जागेत हे शेवटचं कामच खरं खर्चाचं आणि खरं कठीण. तिथं पातळी मोजल्याशिवाय कुणी निविदा काढली तर तो पैसा वाया गेला असंच समजा.

मैदानाचा खर्च एकदा नीट केला की पुढं फार नाही. रोलर, पाणी, एक माळी, एक राखणदार आणि दिवे. ४०० वॅटचे १६ एलईडी दिवे संध्याकाळी दोन तास लावले तर दिवसाला १३ युनिटच्या आसपास वीज लागते. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

पण मैदानाचं एक दुखणं आहे आणि ते मी झाकून ठेवणार नाही. आपली मैदानं पोरांची आहेत. सकाळी फिरणाऱ्या बायका कडेकडेनं जातात, मधे क्रिकेटचे चार-पाच डाव एकाच वेळी चालू असतात आणि खेळणाऱ्या मुली हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. सातवी-आठवीपर्यंत जीव तोडून खेळलेली पोरगी नववीत एकाएकी यायची बंद होते. मी किती घरांच्या पायऱ्या चढले आहे. आई पदर सारखा करत हळूच सांगते, "तिथं जायची सोय नाही हो बाई." जायची म्हणजे स्वच्छतागृहाची. खेळ संपायला साडेसहा होतात, अंधार पडतो, दिवे नसतात. एवढ्याशा गोष्टीपायी किती खेळाडू घरात बसल्या, याची मोजदाद कुणी केलेली नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखायचा असतो. मैदानावरचं मुलींचं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली त्यातून करा. शिलाई यंत्रं वाटण्याइतकंच ते महिलांचं काम आहे.

मंडप आणि प्रदर्शनांचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७-अ नं मैदानाचा तात्पुरता दुसरा वापर ठरावीक दिवसांपुरता बांधून दिला आहे. ती दिवसांची नोंद लोकांना दिसेल अशी मैदानाच्या फाटकावर लावावी. बांबूचे खड्डे बुजवल्याशिवाय अनामत परत करू नये. मोठ्या मैदानावर पाय मुरगळलेल्या किती मुलांना मी बर्फ लावला आहे!

पोहण्याचा तलाव

आमची पिढी पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यात पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. आज कुठल्याही आईला मी तसं सांगणार नाही. पाणी तसं राहिलेलं नाही आणि डोळ्यात तेल घालून काठावर बसणारे आजोबाही राहिले नाहीत. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पोहता येणं हा नुसता खेळ वाटत नाही. वीरधवल खाडे कोल्हापूरचाच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकलं. तलावाची मागणी करणाऱ्यांच्या तोंडी हे नाव हमखास येतं आणि त्यात चूक काही नाही. पण तो पुढच्या सरावासाठी बंगळुरूला गेला, हेही त्याच दमात सांगायला हवं. नुसता तलाव बांधून वीरधवल तयार होत नाही.

तलावाचा हिशेब मात्र कडक असतो. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव धरला तर त्यात ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावतं. माणशी दिवसाला १३५ लिटरचा मापदंड धरला तर एका भरणीत साडेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. काळम्मावाडी धरणातून पिण्याचं पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केलेल्या शहरात हा आकडा सभागृहात कुणीतरी काढणारच, तेव्हा तयारीनं जा. उत्तर असं की पाणी रोज बदलत नाहीत, गाळून तेच फिरवतात. त्यासाठी पंप रोज चालावा लागतो. १० अश्वशक्तीचा पंप १२ तास चालला तर दिवसाला ९० युनिट. वर क्लोरीन, पाण्याचा सामू रोज तपासणं, दर पाळीला निदान दोन जीवरक्षक, त्यातली एक बाई, कारण ती नसेल तर मुलींची तुकडी भरत नाही.

आणि तलाव बंद ठेवणं हेही फुकट नसतं. उन्हाळ्यात चार-आठ दिवस पंप बंद पडला की पाणी हिरवं होतं, फरश्या निसरड्या होतात, सांध्यांतली भर सुटते. एका गावच्या सार्वजनिक तलावावर मी भाचीचं नाव घातलं होतं. भर एप्रिल, सुट्टी लागलेली, पोरगी रोज पहाटे पाचला उठून तयार. बाराव्या दिवशी मोटार जळाली. नवी आणायला मंजुरी हवी, मंजुरीला तीन दरपत्रकं हवीत. मोटार बसली तेव्हा शाळा सुरू झाली होती. त्या पोरीला आजही पोहता येत नाही. जास्तीची एक मोटार खोलीत पडलेली असती तर एवढं झालं नसतं.

म्हणून नवा तलाव बांधायच्या मी विरोधात आहे आणि आहेत त्या तलावांना दरवर्षी बांधून पैसा देण्याच्या बाजूनं आहे. अंबाई टँक आणि रमणमळा हे दोन शहराला ठाऊक आहेत. त्यांच्या पंपाचं, गाळण यंत्रणेचं आणि जीवरक्षकांच्या पगाराचं वर्षभराचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, वेगळं ठेवा, सुटे भाग आधी आणून ठेवा आणि सकाळच्या पाळ्या संपल्यावर ११ ते ३ हा रिकामा वेळ महापालिकेच्या शाळांना द्या. एका तुकडीत ६० मुलं, एकवीस दिवसांचा वर्ग. पाचवीतलं प्रत्येक मूल पाण्यावर तरंगायला शिकलं पाहिजे. पुराच्या शहरात मला हे नव्या तलावापेक्षा कितीतरी मोठं काम वाटतं.

तलावाची एक जमेची बाजू आहे: माणसं पैसे भरतात. ज्यांना परवडतं त्यांनी पूर्ण शुल्क द्यावं, शाळेच्या मुलांना फुकट. मैदानाला तसं तिकीट लावता येत नाही आणि लावूही नये.

बाग

बागेवर मी थोडकं लिहिणार आहे, कारण बागेची मागणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात लवकर मान्य होणारी असते. पेव्हर ब्लॉक, कारंजं, खुल्या व्यायामाची साधनं आणि उद्घाटनाची पाटी. एका वर्षात होतं. दुसऱ्या वर्षी कारंजं बंद, तिसऱ्या वर्षी त्यात डास.

तरीही बाग हीच एक जागा आहे जिथं आजी, सून आणि नातवंड एकाच वेळी जातात. मैदान जे पोरींना नाकारतं ते बाग देते: बसायला जागा, कुंपण, उजेड, ओळखीचे चेहरे. माझ्या शेजारच्या मावशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रोज जवळच्या बागेत तीन फेऱ्या मारतात. रंकाळ्यापर्यंत त्यांना जाववत नाही. त्यांना कुणी विचारलं की मैदान हवं की बाग, तर त्या काय सांगणार? त्यांचं मत माझ्याइतकंच मोलाचं आहे.

पण बागेत पैसा कुठं घालायचा हे बघा. आमच्या बागेत एक झोपाळा आहे. त्याची एक साखळी वरच्या कडीतून सुटली. पाट एका बाजूला लोंबकळायला लागला. मुलं तशीच त्यावर चढायची, एकजण पडला, मग कुणीतरी साखळी वर गुंडाळून ठेवली. ती तशीच महिनोन्महिने. सुटलेली कडी माझ्या बोटाएवढी होती. लोहाराकडं गेलं असतं तर चहाच्या पैशात काम झालं असतं. तेवढ्याच दिवसांत त्याच बागेत नवी व्यायामाची साधनं बसली, कारण नव्या साधनांना निधी असतो आणि जुन्या कडीला लेखाशीर्षच नसतं. या साधनांच्या करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे ठरावीक वर्षं दुरुस्ती ठेकेदाराच्या अंगावर. तो कालावधी किती आणि फोन कुणाला करायचा, हे साधनावरच रंगवून ठेवा. बागेवर मला एवढाच खर्च मान्य आहे: दुरुस्ती, उजेड, स्वच्छतागृह आणि माळी. नवं कारंजं नको.

नाट्यगृह

आता जिथून सुरुवात केली तिथं येते. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते उभं राहिलं. १९५७ साली त्याला केशवरावांचं नाव दिलं. ललितकलादर्श नाटक मंडळीचे केशवराव, एकतिसाव्या वर्षी गेले. मागची बाजू खासबागेला लागून, म्हणजे एकाच आवारात कुस्ती आणि संगीत नाटक. असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. ते जसं होतं तसंच उभं राहिलं पाहिजे, याबद्दल कोल्हापुरात दुमत नाही. माझंही नाही.

पण प्रश्न महापालिकेच्या स्वतःच्या रुपयाचा आहे. आग लागल्यावर काही दिवसांतच राज्य सरकारनं २० कोटींची घोषणा केली. अख्खा महाराष्ट्र या वास्तूकडं बघतो आहे. कलावंत आवाज उठवतात, वर्तमानपत्रं फोटो छापतात, मंत्री पाहणीला येतात. आनंदाची गोष्ट आहे. नाट्यगृहाला वाली आहे. पोत्यानं पाणी टिपणाऱ्या पोरांना कोण आहे?

महापालिकेनं नाट्यगृहासाठी जे करायचं ते उभारणीनंतरचं. १०० टनांची वातानुकूलन यंत्रणा धरली तर चार तासांच्या एका प्रयोगाला ४०० युनिटच्या पुढं वीज लागते. मैदानाचे दिवे दिवसाला १३, तलावाचा पंप ९०, नाटकाचा एक प्रयोग ४००. वर व्यवस्थापक, ध्वनी-प्रकाशाची माणसं, जनित्र, पडदे. आणि अग्निसुरक्षा. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. नवं नाट्यगृह उघडेल त्या दिवसापासून हे प्रमाणपत्र दारातच काचेत लावलेलं दिसलं पाहिजे. ८ ऑगस्टला जे डोळ्यांनी पाहिलं त्यानंतर एवढं मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

हौशी नाटकवाल्या पोरांशी बोलले तेव्हा मला एक वेगळीच गोष्ट कळली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी महिना-दोन महिने घासणाऱ्या या मुलांची पहिली अडचण रंगमंच नाही, तालमीला जागा ही आहे. मराठीत कुस्तीच्या घरालाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही. पेठापेठांतल्या तालमींच्या इमारतींत वरच्या मजल्यावर सभागृहं आहेत, रात्री आठनंतर बरीचशी रिकामी. ज्या तालमीला महापालिकेचा निधी मिळतो तिनं आठवड्यातले तीन दिवस ते सभागृह हौशी संस्थांना द्यावं, अशी अट घाला. एक पैही न घालता शहराला दहा-पंधरा सराव-जागा मिळतील. माझ्या डोक्यात हे किती दिवस घोळतं आहे आणि बैठकीत मी हे मांडणारच.

मग माझा कौल

पहिला रुपया मैदानाला, आणि मैदानातही आधी पाण्याच्या निचऱ्याला, मग मुलींच्या स्वच्छतागृहाला, मग दिव्यांना. प्रेक्षागॅलरीला नाही, प्रवेशद्वाराच्या कमानीला तर नाहीच नाही. कारण सोपं आहे. नाट्यगृहाला राज्य आहे, तलावाला शुल्क आहे, बागेला दत्तक घेणाऱ्या बँका आणि व्यापारी मिळतात, कारण तिथं पाटी लावता येते. जमिनीखालच्या नळीवर कुणाचं नाव कोरत नाहीत. महापालिकेनं नाही केलं तर ते काम दुसरं कुणीही करणार नाही.

दुसरा रुपया असलेल्या तलावांच्या वर्षभराच्या खर्चाला. तिसरा बागांच्या दुरुस्तीला. नाट्यगृहासाठी या वर्षी स्वतःचा भांडवली पैसा नको, पण ते उघडेल त्या वर्षापासून लागणारा चालू खर्च आत्ताच अंदाजपत्रकाच्या टिपणीत लिहून ठेवा, म्हणजे उद्घाटनानंतर वीजबिल थकलं असं ऐकायची वेळ येणार नाही.

तुमचा भाग माझ्या भागासारखा नसेल तर क्रम बदला. ज्या प्रभागात मैदानच नाही आणि वयस्कर माणसं जास्त, तिथं बाग आधी. उपनगरात जिथं मंजूर रेखांकनातल्या खुल्या जागा अजून मोकळ्या पडल्या आहेत, तिथं आधी कुंपण आणि सातबाऱ्यावर महापालिकेचं नाव, बाकी सगळं नंतर. हे काम सगळ्यात स्वस्त आहे आणि एकदा हातची जागा गेली की कुठल्याही अंदाजपत्रकानं परत येत नाही. आणि तुमचं मन ठरत नसेल तर तीन दिवस तुमच्या जवळच्या मैदानावर आणि बागेत जा, सकाळी सातला, दुपारी चारला, संध्याकाळी सातला. माणसं मोजा. बायका-मुली वेगळ्या मोजा. वहीतलं ते पान घेऊन बैठकीला या. नगरसेवकांपुढं कोरड्या भाषणापेक्षा ते पान जास्त बोलेल.

बैठकीत विचारायला मी तीन प्रश्न काढून ठेवले आहेत. प्रत्येक कामाला बांधायचा खर्च लिहिला आहे, त्याच्या शेजारी दरवर्षी चालवायचा खर्च का नाही? गेल्या पाच वर्षांत मैदानांवर मुरमाचं बिल किती वेळा निघालं आणि एकूण किती? आणि मैदान-बाग-तलाव यांच्या किरकोळ दुरुस्तीसाठी प्रभाग कार्यालयाच्या हाताशी, वरच्या मंजुरीशिवाय खर्च करता येईल अशी रक्कम किती?

अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होईल. जूनच्या आत मैदानाचं काम उरकायची घाई कुणी करू नये, कारण घाईत पुन्हा मुरूमच पडेल. हा पावसाळा मोजणीला वापरा. पहिल्या मोठ्या पावसात अभियंत्यांनी लेव्हल मशीन घेऊन मैदानावर यावं, पाणी जिथं थांबतं तिथं खुंट्या ठोकाव्यात, किती वेळात उतरतं ते लिहावं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निविदा, दसऱ्याला काम सुरू, फुटबॉलचा हंगाम रंगात यायच्या आत माती बसलेली. पोती घेऊन येणाऱ्या त्या पोरांना मी सांगून ठेवलं आहे. त्या सकाळी खुंट्या धरायला ती येणार आहेत आणि छत्री घेऊन मीही.